हेडफोनची पिन

हेडफोनची पिन टेबलाखाली लोंबत होती आणि विनोद मान डोलावत होता.

मथुरा चहाचा कप घेऊन पडवीत आली तेव्हा तिला आधी पिनच दिसली. वायर त्याच्या मांडीवरून खाली घसरलेली, पिन कुठेच खुपसलेली नाही, पंख्याच्या वाऱ्यावर हळूहळू गोल फिरतेय, आणि हा माणूस कानांवर त्या मोठ्या काळ्या वाट्या चढवून, ओठ दाबून, जाणकारासारखा डुलतोय. लॅपटॉपचा स्वतःचा आवाज बंद, आणि पडद्यावर गाण्याची लाट नुसतीच सरकत होती. ठोक्याला लाट उंच व्हायची आणि त्याची मान खाली यायची. एकदाही चुकत नव्हती. तिने मागून विचारलं, कसं आहे म्हणून. तो वळला नाही. तिने कप पुढे केला तेव्हा त्याला कप दिसला, कपामागून हात दिसला, हातामागून ती दिसली. मग त्याने एका कानावरची वाटी उचलली आणि म्हणाला, "झकास बसलंय गो. जरा पण फाटत नाही."

ती आत गेली आणि घासलेलीच पातेली परत घासायला घेतली. हसावं असं तिला वाटत होतं. खरं तर हसायला इतकी चांगली गोष्ट या घरात बऱ्याच दिवसांत घडली नव्हती. अख्खं आयुष्य आवाज भाड्याने दिलेला माणूस, नाचणे गावाच्या रस्त्याला ज्याच्या दारावर ‘स्वरूप साउंड’ अशी पाटी आहे, पार पूर्णगडापासून ज्याला लोक हळदीला बोलावतात, तो न वाजणाऱ्या हेडफोनला शाबासकी देतोय. पण हसू घशात येऊन बसलं आणि त्याच्या पाठोपाठ दुसरंच काहीतरी वर यायला लागलं. माशाचा काटा अडकला की गिळलेला भातसुद्धा संशयाने आठवावा लागतो, तसं तिला मागचं एकेक आठवायला लागलं. मीठ आणा म्हटलं होतं आणि त्याने आणलं नव्हतं. मुलाच्या, स्वरूपच्या, शाळेतल्या समारंभाला चला म्हटलं होतं आणि तो ‘हां’ म्हणून एकटाच कुठेतरी निघून गेला होता. तिने हाक मारायची, त्याने वळायचं नाही. तिने विचारायचं, त्याने वायर सोलत राहायचं. या सगळ्याचा तिने फार पूर्वीच एक हिशेब लावून टाकला होता, की हा आपल्याला मोजत नाही. या एका वाक्यावर तिने संसार केला होता. लोक देवावर करतात, हिने यावर केला. जो आपल्याला मोजत नाही त्याला आपणही मोजायचं नाही. अहो म्हणायचं, गरम वाढायचं, आणि मनात त्याला दाराबाहेरच्या पायरीवर बसवून ठेवायचं.

आणि आता ती पिन पंख्याखाली गोल फिरत होती. म्हणजे हे कधीपासूनचं?

गाण्यांचं हे काम तिच्या गळ्यात पडलं त्याला शिमगा निमित्त झाला होता. पालखीच्या दिवसांत जुना लॅपटॉप मध्येच बंद पडायला लागला. मुंबईला कंपनीत असलेला स्वरूप सुट्टीला आला तेव्हा नवीन लॅपटॉप घेऊन आला, त्यात गाणी जुळवायचं सॉफ्टवेअर टाकलं, जुन्या डिस्कमधली हजारो गाणी एका ढिगाने त्यात ओतली, आणि आता ही नीट लावावी लागतील बाबा, नाहीतर काही सापडायचं नाही, असं सांगून परत गाडीत बसला. बाबांनी मान हलवली आणि ढीग तसाच राहिला. मग एका दुपारी मथुरेनेच लॅपटॉप उघडला. कुणी शिकवलं नाही. मोबाइलवर कुठल्या कुठल्या पोरांचे हिंदीतले व्हिडिओ बघितले, थांबवून थांबवून, चष्मा पुसून पुसून. आठवडाभरात तिला कळलं की यात अवघड काही नाही, फक्त कंटाळा यायला नको, आणि कंटाळा पचवण्यात तिचा हात कोण धरणार होतं.

ढीग मात्र असा होता की उकिरडाही बरा. एकेका गाण्याच्या पाच पाच प्रती, प्रत्येक निराळ्या नावाने. ‘नवरी हळदी मिक्स’, ‘नवरी हळदी मिक्स नवीन’, ‘नवरी हळदी फायनल’, ‘नवरी हळदी खरं फायनल’. ऐकावं तर सगळ्यांत एकच बाई एकाच ठिकाणी एकाच तऱ्हेने किंचाळतेय. प्रत्येक गाण्याच्या सुरवातीला कुणीतरी बाप्या स्वतःचंच नाव ओरडून सांगायचा, जत्रेत हरवलेल्या पोरासारखा. गाणं दुसऱ्याचं, चाल तिसऱ्याची, ढोल चौथ्याचा, आणि नाव याचं. गाणाऱ्याच्या नावाच्या जागी सगळीकडे ‘अननोन आर्टिस्ट’. हजारो गाणी आणि सगळी त्या एकाच अननोन आर्टिस्टने गायलेली. बिचारा मरमर मरतोय, मथुरेला वाटायचं, आणि घरात त्याला कुणी ओळखत नाही.

तिने फोल्डर केले. ‘हळद’, ‘वरात’, ‘गणपती’, ‘शिमगा’. पंगतीला लावायच्या मिळमिळीत बासऱ्या ‘जेवण’मध्ये टाकल्या. पाठवणीच्या गाण्यांसाठी फोल्डर केला त्याला नाव दिलं ‘रडणं’. विनोदने ते वाचून तिच्याकडे बघितलं आणि तसंच ठेवलं. रडणं सुद्धा माणसं हल्ली आपणहून रडत नाहीत, ती मनात म्हणाली. बटण दाबावं लागतं. मुलगी मांडवाच्या दारात उभी, आई कोरड्या डोळ्यांनी व्हिडिओवाल्याकडे बघतेय, आणि याचं गाणं सुरू झालं की मग धार. पुढच्या मिनिटाला वरातीचं लावलं तर तीच आई कंबर हलवते. असल्या लोकांसाठी आपण ठोके जुळवत बसलोय.

ठोके हा त्या सॉफ्टवेअरचा मोठा अभिमान. गाणं आत टाकलं की ते क्षणात सांगतं, मिनिटाला ठोके इतके, सूर अमका, आणि लाटेवर उभ्या रेघा मारून ठेवतं. रेघा बरोबर असल्या तर दोन गाणी एकात एक मिसळतात, लोकांना कळतही नाही पहिलं कधी संपलं. यंत्राच्या ढोलावर केलेल्या गाण्यांना ते बरोबर चालायचं, कारण यंत्राला यंत्र कळतं. पण पालखीची, कोळ्यांची, फुगडीची गाणी आली की त्याची भंबेरी उडायची. ती चाल सहा मात्रांची, आणि हे शहाणं सगळं चारात मोजायचं. रेघा भलत्याच ठिकाणी पडायच्या, पाय उचललेला असताना रेघ, टेकताना काही नाही. मथुरेला ते कानापेक्षा पायाला आधी कळायचं. आंजर्ल्याला माहेरी गौरीच्या दिवसांत अंगणात फुगडी घालताना शेणाने सारवलेल्या जमिनीवर पाय कधी आपटायचा हे तिला कुणी मोजून शिकवलं नव्हतं. ती टेबलाखाली पाय आपटायची आणि वर माउसने एकेक रेघ ओढून पायाखाली आणायची. हे करताना तिला एक घाणेरडा आनंद व्हायचा. इतकं मोठं सॉफ्टवेअर, आणि साधी फुगडी येत नाही मेल्याला.

गाणी मात्र ती ऐकायची ती कामापुरती. भाजीवाल्याने वांगी चाचपावीत तशी. गाणं आवडणं वगैरे तिने फार वर्षांपूर्वी सोडून दिलं होतं, आणि ते जिथे सोडलं तिथे आता तिचं मन पुनःपुन्हा जायला लागलं. पिन बघितल्यापासून दुसरीकडे कुठे जातच नव्हतं.

लग्न होऊन आली तेव्हा तिच्याबरोबर एक टेपरेकॉर्डर आला होता. लाल, कोपऱ्यावर टवका गेलेला. लग्नाआधी दोन उन्हाळे आंबा कॅनिंगच्या कारखान्यात साली काढून, हात चिकाने सोलवटून, तिने तो स्वतःच्या पैशांनी घेतला होता. दुपारी सगळं आवरलं की माजघराचं दार लोटून ती तो लावायची, आवाज इतका बारीक की कान टेकवावा लागायचा. तेव्हा विनोदकडे चार चोंगे आणि एक कुरकुरणारा ॲम्प्लिफायर होता, तो पूजेला नाहीतर निवडणुकीला बांबूवर चोंगे चढवत गावोगाव फिरायचा. एक दिवस ती विहिरीवरून आली तर टेपरेकॉर्डर पडवीत उताणा. पोट उघडलेलं. आतला स्पीकर आणि आणखी काय काय काढून याने आपल्या डब्यात बसवलेलं. संध्याकाळी कुठे तरी कार्यक्रम होता आणि याचं काहीतरी जळलं होतं. विचारायचं कुणाला, घरातलीच वस्तू. रात्री परत आला तो खुशीत. मस्त वाजलं म्हणाला.

ती तेव्हा भांडली नाही. तीन दिवस गप्प राहिली, आणि चौथ्या दिवशी पडवीत गेली. तो पाठ करून वायर गुंडाळत होता, कोपर आणि पंजा यांच्यामध्ये, एकावर एक वेटोळी. ती त्याच्या मागे उभी राहिली आणि म्हणाली, "मी सकाळच्या गाडीने आंजर्ल्याला जातेय. परत येणार नाही."

वाक्य तिने तीन दिवस घोटलं होतं, त्यामुळे ते स्वच्छ आलं. तो मागे वळला नाही. वेटोळं पुरं झालं, ते त्याने हातातून काढलं, बघितलं, आणि सगळं सोडून परत पहिल्यापासून गुंडाळायला घेतलं. ते झालं, तेही सोडलं. ती उभी राहून बघत होती. वायरीचा केवढा हा लाड, तिला वाटलं. वळ पडता नये, पीळ पडता नये. बायको निघालीय आणि हा वायरीचे केस विंचरतोय. ती आत गेली. पिशवी भरली. सकाळी गाडीची वेळ झाली तेव्हा ती भाकऱ्या थापत होती. कारण जायला सुद्धा कुणीतरी अडवावं लागतं. कुणीच अडवत नसेल तर माणूस कुणाच्या हातातून हात सोडवून जाणार.

त्या वायरीच्या भोवती मग तिने वर्षानुवर्षं स्वतःची वायर गुंडाळली. आणि आता एवढ्या वर्षांनी पिन सुटून खाली पडली. तेव्हाही ऐकू येत नव्हतं की काय याला? चोंग्याच्या तोंडाशी उभा राहून राहून कान तेव्हाच गेले होते? म्हणजे मी बोललेच नव्हते? तिने हा प्रश्न उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला. त्याने ऐकलं असेल तर तो नालायक ठरत होता. ऐकलं नसेल तर ती वेडी ठरत होती, एका बहिऱ्यावर आयुष्यभर रुसून बसलेली. पहिलं खरं असावं अशी आपली इच्छा आहे हे तिच्या लक्षात आलं, आणि तिला स्वतःचीच शिसारी आली. पण इच्छा काही गेली नाही.

मग तिने परीक्षा घेतल्या. तो खळ्यात बसून फणस फोडत होता, हाताला तेल लावून. ती मागे उभी राहिली आणि रोजच्या आवाजात म्हणाली की घराला आग लागलीय. त्याने गरा काढला, आठळी वेगळी केली. ती म्हणाली की तुमच्याइतका मठ्ठ माणूस अख्ख्या जिल्ह्यात नसेल. त्याने दुसरा गरा काढला आणि तोंडात टाकला. त्यानंतरचे काही दिवस तिने मजेत घालवले. त्याच्या पाठीला ती काय वाटेल ते बोलली. तुमच्या बहिणीचा बसता गळा, तुमचं घोरणं, तुमची ती हिरवी चड्डी. स्वयंपाकघरातून, विहिरीवरून, वाळत घातलेल्या आमसुलांच्या आडून. सगळं एकदा मोकळ्या आवाजात बोलून घेतलं. आणि मग एका दुपारी मध्येच थांबली. चव गेली होती. शिवी सुद्धा कुणीतरी घ्यावी लागते. पाठ तशीच होती, थोडी वाकलेली, बनियनच्या भोकातून एक तीळ दिसत होता, आणि त्या पाठीला काहीच पोचत नव्हतं. ती कितीतरी वेळ त्या तिळाकडे बघत राहिली.

समोरून बोललं की तो बरोबर उत्तर द्यायचा. ओठ बघतो, हे तिला कळलं. गिऱ्हाईक आलं की त्याला उजेडाकडे तोंड करून बसवतो, हेही कळलं. कुणी फोन केला तर ‘व्हॉट्सॲपवर टाका, लक्षात राहात नाही’ म्हणायचा, ते याच्यासाठी. इतकी वर्षं ज्याला ती बिनडोक समजत होती त्याने इतक्या युक्त्या केल्या होत्या, आणि त्या सगळ्यांत एकही अशी नव्हती की बायकोला सांगावं. याचा तिला नव्याने राग आला, आणि हा राग जुन्यापेक्षा ताजा असल्यामुळे बरा वाटला. अर्थात सांगणार कसा. बहिरा साउंडवाला ही बातमी अशी आहे की ती संध्याकाळपर्यंत पावसला आणि रात्रीपर्यंत दापोलीला. मंडळाची पोरं नक्कल करतील. कानावर हात धरून नाचतील. या दुनियेतल्या हलकट लोकांना कुणाचं तरी काहीतरी तुटलेलं लागतंच. त्याचं हसं झालेलं तिला चालणार नव्हतं. आपण आयुष्यभर त्याला हसलो, पण तो आपला हक्क. इतरांनी का हसावं?

तिने तेव्हा रंग सुरू केले. सॉफ्टवेअरमध्ये गाण्याच्या लाटेवर खुणा करता येतात, हव्या त्या रंगाच्या. ठोक्याचा ढुम त्याला पायातून, छातीतून कळत असणार, मोठ्या स्पीकरशेजारी तो भिंतीलाही कळतो. पण गाणारी कधी तोंड उघडते, कडवं कधी संपतं, हे त्याला कसं कळावं. मध्येच गाणं तोडलं आणि नवरीचं नाव अर्धं राहिलं तर मांडवात बोंब. तेव्हा शब्द सुरू होतात तिथे लाल. कडवं संपतं आणि दुसरं गाणं आत शिरायला जागा असते तिथे हिरवा. आता बाहेर पडलंच पाहिजे तिथे निळा. एकेक गाणं ऐकायचं, पाय आपटायचा, रंग लावायचे. दुपारच्या दुपारी गेल्या. ज्या गाण्यांवर ती थुंकतही नव्हती त्यांच्या प्रत्येक श्वासावर तिने खूण केली. एखाद्या फडतूस गाण्यात एखादीच बाई मध्येच खरी गायची, दोन ओळी, आणि मथुरेचा हात माउसवर थांबायचा. मग ती स्वतःवर चिडून पुढचं गाणं लावायची.

एका संध्याकाळी तो शेजारी येऊन बसला आणि पडद्यावर बोट ठेवून विचारलं, हे लाल काय म्हणून. ती पूर्ण त्याच्याकडे वळली. इतकी पूर्ण ती त्याच्याकडे कित्येक वर्षांत वळली नव्हती. म्हणाली, बाई तोंड उघडते तिथे लाल, बंद करते तिथे हिरवा. स्वरूपने सांगितलं असं करायला. तो तिच्या ओठांकडे बघत होता. मग डोळ्यांकडे बघितलं, जरा जास्तच वेळ. "बरं केलंस," म्हणाला, आणि उठून स्पीकरवरची धूळ पुसायला गेला. नुकतीच पुसली होती.

मेच्या शेवटी पावसच्या अलीकडे एका बागायतदाराच्या घरी हळद होती. मुलीचे सगळे मामा मुंबईचे, म्हणजे नाचायला सगळे आणि स्पीकर उचलायला कुणी नाही. मथुरा म्हणाली, मी येते. त्याने तिचं तोंड नीट बघून खात्री करून घेतली की ती हेच म्हणाली. स्टेजच्या बाजूला लाकडी फळ्यांवर टेबल, टेबलावर लॅपटॉप, मागे प्लास्टिकची खुर्ची, खुर्चीत ती, मांडीवर पर्स धरून. अजून उजेड होता. मुलीला पाटावर बसवलेलं, बायका हळद लावत होत्या, आणि हळद लावण्यापेक्षा फोटोत हळद लावताना दिसण्याची घाई जास्त. मांडवात तळणाचा आणि अत्तराचा वास. विनोद पडद्यात डोळे घालून उभा होता. लाल आला की हात वर, हिरवा आला की बटण. गाण्यातून गाणं असं निघत होतं की लोक थांबेनात. कुणीतरी ओरडलं, काका आज फॉर्मात. तो हसला, अर्थात ऐकून नाही, ओरडणाऱ्याचं तोंड बघून. मथुरेला वाटलं, हे आपण लावलेले रंग नाचतायत. आणि लगेच वाटलं, कुणाच्या अंगात नाचतायत बघ, त्या ढेरपोट्याच्या.

तो ढेरपोट्या म्हणजे मुलीचा शिवामामा. तो हळदीचं ताटच घेऊन निघाला होता, दिसेल त्याला फासत. तेल घालून कालवलेली हळद, दोन्ही हात मनगटापर्यंत पिवळे. त्याला नाचता नाचता विनोदचं फारच प्रेम आलं. तो फळ्यांवर चढला, विनोदच्या गालांना फासलं, मिठी मारली, तोल गेला, आणि तोल सावरायला दोन्ही पंजे टेबलावर. एक पंजा सबंध लॅपटॉपच्या पडद्यावर वरून खालपर्यंत घसरत आला. मामा म्हणाला, "सॉरी पावणं, हळद आहे, शुभ असते." आणि उतरून गेला.

विनोदने बाहीने पडदा पुसला. तेलाची हळद. पुसली तशी ती पसरली आणि सगळा पडदा एकसारखा पिवळा झाला. लाट दिसेना. लाल, हिरवा, निळा, सगळे त्या पिवळ्यात बुडाले. गाणं चालूच होतं, कडवं निम्म्यावर आलं होतं. त्याने परत पुसलं, हाताने, मग रुमालाने. रुमालही पिवळा. मग त्याने हात खाली सोडले आणि नुसता उभा राहिला, समोर नाचणाऱ्या माणसांकडे बघत, आणि त्याच्या तोंडावर असं काही आलं की मथुरेने ते यापूर्वी कधी बघितलं नव्हतं. भरतीच्या पाण्यात खाली वाळू लागेनाशी झाली की माणसाचं तोंड होतं, तसं.

ती उठली. पर्स खुर्चीत टाकली आणि त्याच्या शेजारी, अगदी चिकटून, जाऊन उभी राहिली. चप्पल काढली. टेबलाला झालर लावलेली होती, खालचं कुणाला दिसत नव्हतं. तिने आपला पाय त्याच्या पायावर ठेवला. त्याने दचकून बघितलं. ती समोर बघत राहिली, कुणी बघितलं तर म्हणेल बाई नवऱ्याशेजारी उभी आहे. गाणारीने शेवटची ओळ घेतली, घोळवली, आणि ती जिथे श्वास सोडणार तिथे मथुरेने पाय दाबला. त्याने बटण दाबलं. दुसरं गाणं पहिल्याच्या पोटातून बाहेर आलं, सहाच्या चालीचं, कोळ्यांचं, आणि सबंध मांडव हात वर करून ओरडला. त्याने पाय काढून घेतला नाही. ती ठोका देत राहिली, टाच, चवडा, टाच, अंगणातल्यासारखा. वेळ झाली की दाबायचं. इतक्या वर्षांत त्या दोघांचं इतकं बोलणं कधी झालं नव्हतं.

तीनचार गाणी अशी गेली. मग एका लांबलचक कडव्याच्या मध्ये, ढोल जोरात असताना, तो खाली वाकला आणि त्याने तोंड तिच्या कानाशी आणलं. हळदीचा, घामाचा वास आला. बहिरी माणसं बोलतात तसा तो मोठ्याने बोलला, पण त्या गोंगाटात ते तिलाच काय ते ऐकू आलं.

"तेव्हा ऐकलं होतं मी. आंजर्ल्याला जाते म्हणालीस ते. म्हटलं, वायर संपली की तू जाणार. म्हणून संपू दिली नाही."

इतकंच बोलून तो सरळ झाला आणि पिवळ्या पडद्याकडे बघायला लागला, जणू त्यात काही दिसत होतं.

मथुरेच्या कानात ते वाक्य ढोलाबरोबर आपटत राहिलं. म्हणजे ऐकलं होतं. तिला हवं होतं तसंच झालं होतं. तो नालायकच ठरला होता, आणि ती वेडी ठरली नव्हती. पण ते वेटोळं तिच्या डोळ्यांसमोर सुटत होतं, परत गुंडाळलं जात होतं, परत सुटत होतं, आणि ती मागे उभी राहून त्याला वायरीचा लाड म्हणत होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिला भयंकर संताप आला. ‘रडणं’मधलं एकही गाणं लागलेलं नसताना.

"मग तोंडाला काय झालं होतं तुमच्या?" ती म्हणाली. चांगलं मोठ्याने म्हणाली. "एक शब्द बोलला असतात तर काय झिजलं असतं का?"

तो समोर बघत होता. तिच्या ओठांकडे त्याचं लक्ष नव्हतं. गालावरची हळद सुकून तिला बारीक भेगा पडल्या होत्या, आणि तो नाचणाऱ्यांकडे बघून तोंडभर हसत होता, मठ्ठासारखा. कडवं संपत आलं होतं. गाणारी शेवटच्या ओळीवर आली, घोळवायला लागली. मथुरेने वाट बघितली, आणि मग जेवढा लागत होता त्यापेक्षा कितीतरी जोरात त्याच्या पायावर पाय दिला.